हाताला लावायचं औषध

सव्वीस वर्षं मी पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवते आहे. शब्द नेमका वापरला नाही की मी गुण कापते, आणि वर समासात लाल शाईने 'नेमका शब्द शोधा' असं लिहिते. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या नजरेस पडू नये, अशी माझी इच्छा आहे.

पाळी थांबली तेव्हा मी खुशीत होते. सुटले एकदाची, असं वाटलं. मग वाफा सुरू झाल्या. फळ्यावर तारीख लिहितानाच छातीपासून कपाळापर्यंत कुणीतरी कुकरची शिट्टी काढल्यासारखी आग उठायची. एकदा घाईत रुमालाऐवजी डस्टरनेच तोंड पुसलं आणि तास संपेपर्यंत पांढऱ्या चेहऱ्याने मी करुण रस शिकवत राहिले. मुलं भलतीच गंभीर होती. मला वाटलं, आज कविता पोचली.

हे सगळं मी हसून सोसलं असतं. पण मग शब्द जायला लागले. बाजारात नेहमीच्या कोळणीकडे गेले आणि समोर ढीग असताना कोलंबीचं नावच आठवेना. "ते वाकडं असतं ते द्या," असं मी म्हणाले. तिने टोपली बाजूला सारली आणि मला स्वतःच्या पाटावर बसवलं. "बस बाय. आमाला पन झालाय ह्ये. लाजाया नाय पायजे," असं म्हणत तिने बर्फाचा खडा माझ्या हातात ठेवला. त्या खड्याला माशाचा वास होता, तरी मी तो गालावर फिरवला.

बाजारात चाललं, पण वर्गात कसं चालणार? नववीत विरामचिन्हं शिकवत होते आणि 'स्वल्पविराम' हा शब्द तोंडात येईना. वाक्यात थोडं थांबायचं असेल तर काय देतो, असं मी मुलांनाच विचारलं, जणू परीक्षा घेते आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ब्रेक, बाई." वर्ग हसला, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. शब्द हीच माझी भाजीभाकरी, आणि तेच हातातून निसटत होते. मला फार भीती वाटली.

खांदा कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून घेतल्या आणि हार्मोन सुरू केले. झोपताना एक गोळी आणि रोज सकाळी हाताला लावायचं एक जेल. "हाताला लावायचं, वाळू द्यायचं आणि नंतर हात स्वच्छ धुवायचे," त्या म्हणाल्या. तीन महिन्यांनी रक्तातली पातळी बघू, गुण येईल, असंही त्यांनी सांगितलं.

मी आज्ञाधारक आहे. रोज आंघोळीनंतर मोजून जेल घेई, दोन्ही तळहातांना चोळी, वाळेपर्यंत पंख्याखाली हात पसरून उभी राही आणि मग साबणाने खसाखसा धूत असे. नवरा एकदा म्हणाला, लावतेस कशाला आणि धुतेस कशाला? मी त्याला सांगितलं की, ज्याला सर्दीची गोळीही दुसऱ्याने काढून द्यावी लागते त्याने औषधोपचारावर बोलू नये.

तीन महिन्यांनी अहवाल आला. पातळी होती तिथेच होती. गोळीने झोप तेवढी बरी लागायची, पण वाफा तशाच आणि शब्दांची गळतीही तशीच. मी ठरवलं, आपल्याला औषधही लागू पडत नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंपुढे ठेवला.

त्या गणिताच्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, बोलायला तुटक. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "यात दोन चुका आहेत. मराठीच्या बाईंचा असा अर्ज मी वर पाठवणार नाही. सुधारून आणा."

मी अर्ज घरी आणला आणि चार दिवस वाचला. चूक सापडेना. ऱ्हस्वदीर्घ तपासले, शब्दकोश काढला. जी चूक गणिताच्या बाईंना दिसते ती मला दिसत नाही, म्हणजे आपण खरोखरच संपलो, असं मनाशी म्हणाले. पाचव्या दिवशी औषध बंद करते हे सांगायला डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी अहवाल पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि जेल कसं लावता ते करून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. तळहात चोळले, हवेत पसरले आणि उठून त्यांच्या बेसिनकडे निघाले.

"बाई, तिथे नाही," त्या म्हणाल्या आणि माझी बाही वर सारून खांदा ते कोपर बोट फिरवलं. "इथे. हे."

"याला दंड म्हणतात," मी म्हणाले. शब्द पटकन आला, तोही नको तेव्हा.

त्या ओशाळल्या. मराठीत सगळ्यालाच हात म्हणतात ना, असं पुटपुटल्या. पण चूक त्यांची नव्हतीच. औषधाच्या कागदावर इंग्रजीत 'आर्म' असं स्वच्छ छापलं होतं, आणि त्यापुढे पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात, मीच 'हात' असा अर्थ लिहून ठेवला होता. तळहात, मनगट, कोपर, दंड, बाहू एवढे शब्द असलेल्या भाषेची मी शिक्षिका. 'दंड थोपटणे' हा वाक्प्रचार दर वर्षी वाक्यात उपयोग करायला देते. तीन महिने मी तारुण्य बेसिनमधून सोडून देत होते. खाडीतले मासे त्या दिवसांत भलतेच तजेलदार झाले असतील.

त्यानंतर रोज सकाळी बाह्या वर करून, दंड सुकवत, पैलवानासारखी घरभर फिरू लागले. नवरा हसला, भिंतीकडे तोंड करून. महिन्याभरात वाफा विरळ झाल्या. तीन महिन्यांनी पातळी जिथे हवी तिथे आली, आणि त्याच सुमारास नववीच्या वर्गात एका दमात सगळी विरामचिन्हं मी सांगून टाकली. कुणी विचारलीही नव्हती.

त्या संध्याकाळी तो अर्ज पुन्हा काढला. लाल पेन घेऊन बसले. शब्दागणिक, काना-मात्रेगणिक तपासला. दुसऱ्या दिवशी तो मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "चूक औषध लावण्यात होती, दंडाऐवजी तळहाताला. अर्जात एकही नाही."

"नव्हतीच," त्या म्हणाल्या. हजेरीपटावरून त्यांनी मान वर केली नाही. "माझ्या वेळी मी अर्ज दिला, तो साहेबांनी लगेच मंजूर केला होता. दोन दिवसांनी जाऊन मीच हातापाया पडून परत आणला. तुम्हाला जरा वेळ मिळावा एवढंच."

मी अर्ज उचलला आणि चार घड्या करून पर्समध्ये टाकला.

"तास सुरू झालाय," त्या म्हणाल्या. "आणि बाई, ते औषध. मीही तळहातालाच लावायचे."