घाई आसंल तर घेऊन जा

आख्ख्या आष्टीत माह्या माईकसारखा खणखणीत आवाज दुसऱ्या कोणाचाच न्हाई. फक्त तो अर्ध्या लग्नात बंद पडतो, आन मंग मला टेबलावर उभं राहून बोंबलावं लागतं.

त्यामुळं परतूरच्या त्या मिस्त्रीकडं माह्या चकराच चकरा. तुमच्याबी गावात आसा एखादा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला आसंलच, बघा आठवून. बोळीएवढं दुकान. माईकचं मशीन समोर ठिवलं की तो एक डोळा मिटायचा, मशीनच्या डोक्यावर बोटानं टकटक करायचा आन कान लावायचा. डाक्टरबी माणसाला इतका कान लावत न्हाई. आपण इचारावं, "मिस्त्री, कधी हुईल?" तर त्याचं ठरलेलं, "घाई आसंल तर घेऊन जा." आन खोललेलं मशीन, वायरी लोंबत, तसंच आपल्याकडं सरकवायचा. आता आसं आतडे बाहेर आलेलं मशीन कोणी घरी नेतं का? तुम्हीच सांगा. गपगुमान परत त्याच्याकडं सरकवावं लागायचं.

पण डोकं फिरायचं ते येगळ्याच गोष्टीनं. लग्नात, बारशात घूंघूं करून बंद पडणारं माहं मशीन त्याच्या दुकानात गेलं की एकदम गुणाचं व्हायचं. "खराबी दाखवा," तो म्हणायचा.

"आता कशी दाखवू? ते तुम्हाला लाजून राह्यलं!"

मंग तो ते ठिवून घ्यायचा. त्याचा कायदाच आसा, खराबी सोताच्या कानानं ऐकल्याबिगर आन गेलेलीबी ऐकल्याबिगर वस्तू दुकानाबाहेर सोडायची न्हाई. म्हून दुकानात सगळ्यांच्या वस्तू चालूच. एकाचा पंखा ह्याच्या अंगावर, दुसऱ्याच्या टीव्हीवर बातम्या, आन माह्या मशीनवर दिवसभर बारीक आवाजात भजन. त्याची बायको घरून भाजलेले शेंगदाणे घेऊन यायची, बायांच्या मिक्सरची टेस्टिंग चटणीवर व्हायची. एक बाई मिक्सर न्यायला आल्ती, तिला हा म्हणला, "मीठ जरा कमी पडलं बाई, बाकी मिक्सर बराबर हाय."

मी एकदा चिडून म्हणलं, "मिस्त्री, दुकान चालवून राह्यले का फुकटात संसार?"

"टेस्टिंग चालू हाय. घाई आसंल तर..."

"राहू द्या!"

मंग माह्या भाचीचं लग्न निघालं, तिकडं धावड्याला. दाजी म्हणले, भोकरदनहून साऊंड सांगतो. मला झोंबलं. चार पावण्यांत बोलून बसलो, "भाचीच्या लग्नात मामाचाच माईक वाजंल!"

दाजी म्हणले, "तुहा माईक वाजत न्हाई रे, खोकतो. ऐन मंगलाष्टकात बंद पडला तर दोन्हीकडचे पावणे माह्या तोंडाकडं बघतील."

अक्कानं, म्हंजे माह्या बहिणीनं, माह्याकडं बघून नुसता पदर नीट केला. तेच जास्त लागलं.

मशीन मिस्त्रीकडं ठिवलं. रोज जावं तर भजन चालू आन हा डोळा मिटून बसलेला. "खराबी दिसंना." लग्नाच्या आदल्या दिवशी माहं टकुरंच सटकलं. भरल्या दुकानात म्हणलं, "तुम्हाला काम येत न्हाई म्हून भजनं ऐकत बसता!"

तो म्हणला, "घाई आसंल तर घेऊन जा."

ह्या वेळेस मी खरंच उचललं. झाकण बसवायला गेलो तर उलटं बसवलं. त्यानंच माह्या हातातून घेऊन सुलटं केलं, स्क्रू पिळले. बायकोकडं बघून बारीक आवाजात म्हणला, "ह्याची खराबी न्हाई सापडली मला." आसं तोंड मी त्याचं कधी पाहिलं न्हवतं. पण मला बस गाठायची व्हती.

धावड्याला सकाळपासून मशीन सोन्यासारखं चाललं. मंग मी कशाला माईक सोडतो! सरपंचाचं स्वागत केलं, माजी सरपंचाचं केलं, सरपंच व्हता व्हता राह्यलेल्याचंबी केलं. वऱ्हाडातल्या एकाची चप्पल हरवली ती पुकारली, सापडली तीबी पुकारली. ऊन चढलं. भटजींनी आंतरपाट धरायला सांगितला आन मशीन म्हणलं, "घूंऽऽ."

दाजींनी माह्याकडं बघितलं. नवरदेवाकडचे हसायला लागले. मी मशीनला एक चापट मारली, तर ते अजून जोरात, "घूंऽऽऽ."

तेवढ्यात टेबलाच्या बाजूला कोणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. हातात मीच दुकानात दिलेली लग्नाची पत्रिका, आन त्या पत्रिकेनं माह्या मशीनला वारा घालून राह्यलेलं. मिस्त्री! परतूरहून एसट्या बदलत आल्ता.

"तुम्ही इथं?"

"खराबी ऐकायला आलो. सापडली."

"काय हाय?"

"तुम्ही. मशीन चांगलं हाय. सकाळपास्नं इतकं बोलल्यावर माणूसबी तापंल. जरा गप बसा, आष्टीवाले."

गप बसायचं माह्या नशिबात कुठं! भटजी म्हणले, नवरीच्या मामाला बोलवा. मी लगेच माईकवर, "नवरीचे मामा जिथं कुठं आसतील तिथून जल्दी मंडपात यावं!" कोणीच यीना. परत पुकारलं. मला रागच आला. म्हणलं, "ह्या मामाला जरा तरी लाज पायजे, मुहूर्त टळून राह्यला!"

सगळा मंडप हसायला लागला. स्टेजवरून अक्का वरडली, "आरं येड्या, तूच हायेस मामा!"

माईक भटजींच्या हातात कोंबला आन पळालो. भाचीच्या मागं उभा राह्यलो. तिथून मला सगळं दिसत व्हतं. मिस्त्री एक डोळा मिटून, मशीनला कान लावून, बसलाय. पत्रिकेचा वारा चालू. दमला की हात बदलायचा, वारा थांबू द्यायचा न्हाई. मंगलाष्टकं सरली, अक्षता पडल्या, एकदाबी घूं झालं न्हाई. अक्का डोळे पुसत व्हती. आन दाजींनी, मला सोडून, मिस्त्रीचा हात धरून त्याला पयल्या पंगतीत नेलं.

तो मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात गेला. उन्हानं काही झालं न्हाई, झोपेतच गेला. त्याच्या बायकोनं ज्याच्या त्याला निरोप धाडले, आपापली वस्तू घेऊन जा म्हून. लोक दुकानात गेले तर पंखा फिरत व्हता, टीव्हीवर बातम्या चालू व्हत्या. बंद करायला कोणाचा हात धजला न्हाई म्हणे.

मी मिस्त्रीच्या घरी भेटायला गेल्तो. बाई दाराजवळ बसल्या व्हत्या. मी म्हणलं, "वहिनी, तेराव्याच्या कीर्तनाला माईक माहा. आन मिस्त्रीबद्दल मी सोता दोन शब्द बोलतो."

त्यांनी माह्याकडं वर बघितलं.

"माईक आणा भाऊ. तुम्ही बोलू मातर नका. तापलं तर वारा घालायला आता कोणी न्हाई."