किल्ली होती, दार नव्हतं

राहात्याच्या ठाण्यात माझ्या टेबलावर ठेवलेली ती किल्ली मी विसरलेलो नाही.

"किल्ली हाय साहेब, दार न्हाई," समोरची बाई म्हणाली.

ती शिवणकाम करायची. नवऱ्याच्या अपघातानंतर घरभाडं थकलं होतं. त्या दिवशी मुलींना घेऊन बाजारातून परतली, तर घराचं दार चौकटीतून नाहीसं झालेलं. उघड्या घरात वयात आलेल्या मुली घेऊन राहायचं कसं? तिने आपण होऊन घर सोडावं, एवढाच घरमालकाचा डाव असावा.

ठाणे अंमलदाराने नेहमीचं उत्तर दिलं, "भाड्याचा वाद दिवाणी असतो, ताई. कोर्टात जा."

मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि घरमालकाला बोलावलं. तो कांद्याचा व्यापारी. शांतपणे म्हणाला, "दार माझंच हाय. वाळवी लागली हुती. तिनंच काढून दिलं दुरुस्तीला."

"कुठल्या सुताराकडे?"

"कोपरगावचा हाय एक."

मी चहा मागवला. खोटं बोलणाऱ्याला दटावलं की तो गप्प होतो. वेळ दिला की बोलत राहतो. चहा संपेपर्यंत त्याचा सुतार कोपरगावहून शिर्डीला पोहोचला होता.

हवालदाराने तोवर टेम्पोवाल्यांकडे चौकशी केली होती; तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने त्याला फोन केला. दार त्यानेच वाहून नेलं होतं, मालकाच्या गोदामात.

पंच घेऊन गेलो. गोण्यांमागे दार उभं होतं. वाळवीचा मागमूस नव्हता. कडीला कुलूप तसंच बंद, आणि त्यात चौकटीतून उपटलेला कोयंडा अडकलेला. स्वतः दार काढून देणारी बाई त्याला कुलूप कशाला लावेल?

तिने किल्ली फिरवली. कुलूप उघडलं.

"मग आमी भाडं मागायचंच न्हाई व्हय?" मालक उसळला.

"मागा की. घर खाली करायचं असेल तर कोर्टाचा हुकूम आणा."

गुन्हा नोंदवला, पंचनामा करून दार तिच्या ताब्यात दिलं. संध्याकाळी ते चौकटीत बसलं. तिला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठवलं. तिथे मोफत वकील मिळाला, थकबाकी हप्त्यांनी फेडायचं ठरलं आणि घर टिकलं.

"आधीच मदत का नाही मागितली?" मी विचारलं होतं.

"भाडं थकलेल्या मानसानं कुठल्या तोंडानं यायचं, साहेब?"

थकबाकीची लाज माणसाला गप्प बसवते. दार काढणाऱ्याचा भरवसा त्या गप्प बसण्यावरच असतो. पुढे निवृत्तीपर्यंत भाड्याची तक्रार आली, की किती थकलंय हे मी नंतर विचारत असे. आधी विचारत असे, "आज घराला आतून कडी लागते का?"