आईनं आणलेली खताच्या पिशवीची खोळ

मंडळी, आज आईनं मला कामावर पेचात पाडलं.

आमच्याकडे बंद भट्टीत, हवा न लागू देता प्लास्टिक तापवून इंधनाचं तेल काढतात. आलेला माल तपासून भट्टीकडे पाठवणं माझं काम. सकाळी आई भट्टीसाठी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या घेऊन गडहिंग्लजहून एसटीनं आली. तळाशी माझी खोळ!

घरात शाळेत जाणारी मी पहिलीच. पावसात दप्तर भिजू नये म्हणून आईनं खताच्या पिशवीची, डोक्यावरून पाठीवर घ्यायची ही खोळ केली होती. हनुवटीखाली बांधायला स्वतःच्या सुती लुगड्याचा बंद शिवला होता.

मी खोळ उलटसुलट तपासली. स्वच्छ, कोरडी, चालणारं प्लास्टिक. नाकारायला कारणच सापडेना.

"काय बघतीस? घाल की आत!"

"आई, ही राहू दे गं."

"गावाला सांगत सुटलीस, प्लास्टिक साठवू नका म्हणून. तुझं तेवढं सोन्याचं हाय व्हय?"

मग आठवलं, भट्टीत कापड चालत नाही. मी तो बंद हळूच उसवला आणि खोळ मालात टाकली.

बंद आता माझ्या पर्समध्ये आहे. नियमानंच काढलाय हो! तुम्ही खोळ टाकली असती का?