दादाच्या हातची चावी

आमची पिकअप माझ्या हातानं चालू व्हायची आणि दादाच्या हातानं व्हायची नाही, हे घरात सगळ्यांना मान्य झालं होतं. मला तर ते फारच मान्य होतं.

मये गावच्या आमच्या कुळागरातले, म्हणजे बागायतीतले, नारळ आणि केळी दादा पिकअपमधून साखळी गावच्या दुकानांत उतरवायचा आणि उरलेला माल पाळी गावच्या खाणींकडच्या खानावळींना पोचवायचा. सहा वर्षं त्याचं हेच काम. चौथीत शाळा सुटलेल्या दादाला त्या सीटवर बसल्यावर कुणी चौथी विचारत नसे. मी वायरमनचा कोर्स केलेला, पणजीला सरकारी नोकरीत. माझं सर्टिफिकेट बाबांनी देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलं होतं, त्यामुळे त्यालाही रोज उदबत्ती मिळे.

गोवा राज्य झालं त्या वर्षी दसऱ्याला गाडी नवी दिसली पाहिजे असं बाबांनी ठरवलं. मागच्या फळीवर नाव मराठीत घालायचं की कोंकणीत, यावरून त्यांचं आणि दादाचं जुंपलं. बाबा मराठीच्या बाजूचे. वाद अर्थात सगळा कोंकणीत झाला आणि फळी कोरीच राहिली. खालची चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मी रंगवला. काळा रंग, दोन हात.

दसऱ्यानंतर दुखणं सुरू झालं. दादा चावी फिरवी, 'टक' असा एक आवाज येई आणि पुढे काही नाही. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू होई, नाहीतर चार माणसं धक्का मारत. मी रविवारी जेवून अंगणात जाई आणि चावी फिरवी, की एका दमात इंजिन सुरू. देवाकडून उजवा कौल मिळाल्यासारखा मी खाली उतरे. माझ्या सांगण्यावरून बॅटरी बदलून झाली, स्टार्टर उघडून झाला. तरी तेच. तेव्हा एका रविवारी मी बाबांना म्हटलं, "दादा चावी घाईनं फिरवतो. हात जड आहे त्याचा."

या वाक्यानं काय केलं ते मला पंधरा दिवसांनी कळलं. बाबांनी पेडण्याच्या एका ड्रायव्हरला शब्द दिला होता. येत्या सोमवारपासून गाडी तो चालवणार, दादानं कुळागरात शिंपण बघायचं. दादा माल चढवायला गेला. वहिनी बोलली, तीही मला.

"भावजी, अंगणात कसली परीक्षा घेता? एक दिवस रजा काढा आणि त्यांच्यासोबत जा."

शुक्रवारी गेलो. साखळीत तीन दुकानं झाली, गाडी तापली. पाळीला खानावळीसमोर केळी उतरवून दादानं चावी फिरवली. टक.

"सर जरा," मी म्हटलं आणि त्याच्या जागी बसलो. टक. परत टक. मागे खनिजाचे ट्रक तुंबले. एक सिंधुदुर्गातला ट्रकवाला मान बाहेर काढून म्हणाला, "दोघय भाव खाली उतरा, गाडी हलकी होयत."

दादा हसला नाही. "अंगणात ती थंड असते रे," एवढंच म्हणाला. तीन महिन्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी पिशवीतून बारका दिवा जोडलेल्या दोन वायरी काढल्या. एक टोक बॅटरीच्या उण्या टोकाला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. त्याला चावी फिरवायला सांगितलं. दिवा पेटला. तो पेटायला नको होता. वीज स्टार्टरपर्यंत नीट जाते, पण तिला परत यायला पुरती वाट नाही, असा त्याचा अर्थ. इंजिन रबरावर बसलेलं असतं. ते आणि चॅसी यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, तीच वाट. मी गाडीखाली शिरलो. पट्टी जाग्यावर होती, बोल्टही घट्ट होता. पण पट्टी आणि चॅसी यांच्यामध्ये काळा रंग होता, जाड, गुळगुळीत, दोन हात. बोल्टच्या आट्यांतून मिळेल तेवढी वीज थंड गाडीला पुरायची, तापलेलीला नाही. रंग नीट बसावा म्हणून दसऱ्याआधी ती पट्टी मीच सोडवली होती आणि रंगावरच परत आवळली होती.

दादाकडून कोयती मागितली आणि लोखंड चकचकीत होईपर्यंत रंग खरवडला. तोही वाकून बघत होता. रंगाच्या खपल्या त्याच्या पायाशी पडल्या.

"तुझाच ना रंग?"

"माझाच."

पट्टी आवळली. चावी त्यानंच फिरवली. तापलेली गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. 

घरी बाबांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "एक पट्टी होती. यानं शोधली." बाबा माझ्याकडे बघून खूश झाले, आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुला तीन महिन्यांत दिसली नाही?" मी चहाची बशी तोंडाला लावून बसलो. इतका वेळ एक बशी चहा कुणी प्यालं नसेल.

सकाळी मी कुळागरात बाबांना गाठलं आणि रंगाचं सगळं सांगितलं. ते पाटाचं पाणी वळवत होते. वळवून झालं, हात धुतले.

"पेडण्याच्या माणसाला मी काय सांगितलंय ठाऊक आहे? माझ्या मुलाला गाडी झेपत नाही, असं."



ते थेट अंगणात गेले. दादा पिकअप काढायला सीटवर बसला होता, त्याच्या शेजारचं दार उघडून ते आत बसले. "पेडण्याला चल," म्हणाले. "शब्द चिठ्ठीनं परत घेता येत नाही. आणि त्याला बघू दे, कोण चालवतो."

दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढली.

वहिनी दारात उभी होती. "कालच सांगायचं होतं, भावजी."

"एक रात्र उशीर झाला," मी म्हटलं.

"तीन महिने आणि एक रात्र," ती म्हणाली आणि आत गेली.