उशी न विकणारा वस्ताद

हुसेन वस्तादांची आणि माझी ओळख एका उशीवरून झाली. म्हणजे उशी मिळाली नाही, म्हणून झाली. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. मी तेव्हा विशी ओलांडलेला, घरच्या जीपच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसणारा आणि आदल्याच दिवशी नांदेडकडे हौशी लोकांनी भरवलेल्या मोटारींच्या शर्यतीत गाडी पळवून आलेला. गाडी शाबूत होती. मान मात्र अशी धरली होती, की डावीकडचं गिऱ्हाईक बघायचं तर मला अख्खंच वळावं लागत होतं. आई म्हणाली, पातळशी उशी घेऊन ये. म्हणून गेलो.

वस्ताद कापसाच्या ढिगाशेजारी मांडी घालून गादी टाचत बसले होते. साठीच्या अलीकडचा माणूस, अंगानं दार भरेल एवढा, दाढी मेंदीनं लाल. मी उशी मागितली. त्यांनी सुई गादीत खोचली, उठून माझ्या मागे आले आणि बाजारात भोपळा जोखावा तशी तळहातावर माझी मान जोखली.

"कशानं धरली?"

"शर्यतीत. जीपच्या."

"डोक्याला काय व्हतं?"

"हेल्मेट. बारक्या कलिंगडाएवढं असंल."

"अन् वळनावर ते कलिंगड कुनी धरायचं? तुज्या आज्यानं?"

"उशी न्हाई मिळायची," वस्ताद म्हणाले. "उशी म्हाताऱ्यानं घ्यावी, न्हाईतर बाळंतिनीनं. तुला मान देतो. सकाळी ये. मागं तालीम हाय." आणि परत गादीजवळ बसता बसता म्हणाले, "आमच्यात गर्दन म्हंतेत. तुमचा शब्द चांगला. मान. इज्जतबी त्यातच आली."

दुकानाच्या मागे पत्र्याची शेड होती आणि तिच्यात लाल मातीचा हौदा. मातीत ताक, हळद, लिंबू मुरलेलं, त्यामुळे आत पाऊल टाकलं की आंबूस वास यायचा. पैलवान असे उरले नव्हतेच. दोनचार जुने गडी सवयीनं येऊन भिंतीला टेकून बसत. तिथं आम्ही मोटारवाले दाखल झालो. मी, एक दातांचा डॉक्टर, एका कंत्राटदाराचा मुलगा आणि वस्तादांचा स्वतःचा युनूस, जो लातूर-किल्लारी काळीपिवळी जीप चालवायचा आणि शर्यतीच्या दिवशी तीच जीप धुऊन पुसून रेसची गाडी म्हणून उभी करायचा. वस्तादांना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पंधरा वर्षं ओस पडत चाललेल्या तालमीत शिकायला माणसं आली होती. त्यांना तेवढं पुरे होतं.

पहिल्या वर्षी त्यांनी आमचं वाटोळं केलं, हे सांगायलाच हवं. त्यांना पैलवान घडवायचे माहीत, म्हणून त्यांनी आमचे पैलवान केले. जोर, बैठका आणि वर तूप-बदामाचा खुराक. दिवाळीपर्यंत माझे खांदे असे फुगले, की सीटचा पट्टा लागेना. शर्यतीच्या सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना तांब्या तांब्या थंडाई पाजली. दुसऱ्याच फेरीत डॉक्टरानं ती हेल्मेटमध्येच परत केली. शर्यत मुदखेडच्या अलीकडे माळावर होती. आसपासच्या खेड्यांतली माणसं बैलांच्या शर्यतीवरून तिला जीपचा शंकरपट म्हणत आणि पोरंबाळं घेऊन बघायला येत. त्यांची इतकी करमणूक आधी कधी झाली नव्हती. मी शेवटून दुसरा आलो. शेवटचा डॉक्टर.

येताना वस्ताद माझ्याच जीपमध्ये होते. मग म्हणाले, "चुकलं माजं. सगळे गाड्या बघत व्हते, मी माना बघून राहिलो. पयल्या फेरीत सगळ्यांच्या ताठ. मागून एकेक बोनेटकडं बघाया लागला. दमलेला मानूस जवळचं बघतो. जवळचं बघतो तो खड्ड्यात जातो. तुमाला जोर नको, दम पायजे."

त्या दिवसापासून खुराक बंद झाला आणि दुसरंच काही सुरू झालं. वस्ताद आमच्या कपाळाला पंचा बांधत आणि तो बाजूनं ओढत. आपण मान हलू द्यायची नाही आणि त्याच वेळी शेडच्या दारातून पलीकडच्या गल्लीत दिसणाऱ्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचायची. समोर भुसार मालाचं दुकान होतं. "ज्वारी, तूर, करडई, हरभरा, होलसेल व किरकोळ" हे मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय, की लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी तेच आठवत होतं. मग बैठका. पाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, की वस्ताद गादी टाचायची सुई आणि दोरा हातात देत. "ओव." हात थरथरतोय, घाम डोळ्यांत उतरतोय, सुईचं नाक दिसत नाही. चिडून भरभर ओवायला जावं तर दोरा हमखास बाहेर. वस्ताद भिंतीपाशी बसून एकच म्हणत, "दमायचं, पन दमानं." ज्याचा दोरा सुईत जाईल तो घरी. युनूसचा कधी पहिल्या फटक्यात गेला नाही.

"दमनं ऐब न्हाई," ते म्हणायचे. "बैल दमतो, गाडी दमती, हापशीबी दमती. दमून मान टाकनं ऐब." पुढच्या शर्यतीत मी चौथा आलो. बक्षीस तिघांनाच होतं. वस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, मान सरळ व्हती. मला पहिला आल्यासारखं वाटलं, हे आज लिहायला संकोच नाही.

मग ते वर्ष आलं. गणपती बोळवून माणसं झोपली आणि पहाटे जमीन हलली. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा वस्ताद आमच्या दुकानासमोर उभे. मला म्हणाले, "बसूअप्पा, गाडी काढ." युनूस त्याची काळीपिवळी घेऊन आधीच गेला होता. तिथं काय पाहिलं ते मी घरीही कधी धड सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही. एवढंच सांगतो, की पाणी घेऊन जायचं आणि जखमी घेऊन यायचं, असं किती वेळा केलं ते कळेनासं झालं. झोप नव्हती. पाऊस होता. डोळे मिटायला लागले, की शेजारून वस्ताद म्हणत, "पाटी वाच." मग मी मैलाचे दगड वाचायचो, ट्रकच्या मागचं वाचायचो, काहीच नसलं तर ज्वारी, तूर, करडई.

एका खेपेला ढिगाऱ्यातून एक बाई काढली होती. श्वास चालू होता, पण मान धरत नव्हती. तिथला डॉक्टर म्हणाला, हिची मान तसूभर हलता कामा नये, आणि पुढच्या जखमीकडे धावला. तिला एका दाराच्या फळीवर घालून जीपमध्ये ठेवली. वस्ताद तिच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहातांत तिचं डोकं धरलं. एवढा उंच माणूस, जीपच्या टपाला डोकं लागत होतं. टपाची लोखंडी कांब त्यांच्या मानेवर आडवी. "वस्ताद, बसा नीट," मी म्हणालो. "मी नीट बसलो तर ही हलंल. तू चल. दमानं."

मी शर्यती पळवणारा माणूस. त्या रस्त्यावर मी जितक्या हळू गाडी चालवली तितक्या हळू पुन्हा कधी चालवली नाही. एकेक खड्डा विचारून घेतला. मागून आवाज येत नव्हता. दर खड्ड्याला ती कांब त्यांच्या मानेत बसत असणार, पण मी आरशात बघितलं नाही, पुढे बघितलं. लातूरला दवाखान्यात पोचलो तेव्हा ती बाई जिवंत होती. नर्सनं वस्तादांची बोटं एकेक करून सोडवली, त्यांची ती आपोआप उघडत नव्हती. पुढे तिला सोलापूरला हलवली, एवढं कळलं. जगली का, ते आम्हाला कधीच कळलं नाही. वस्ताद किल्लारीकडचा माणूस भेटला, की विचारायचे. नंतर विचारेनासे झाले.

त्या दिवसापासून त्यांची मान डावीकडे कलली ती कललीच. कुणी विचारलं तर "वाऱ्यानं धरली" म्हणायचे. रात्री दुखायची. युनूसच्या बायकोनं सांगितल्यामुळे मला माहीत. मी एकदा म्हणालो, "वस्ताद, घरात उश्यांचा ढीग पडलाय, आता तरी एक घ्या."

"तालमीत येनारं एकबी मानूस हाय तवर न्हाई. वस्तादच उशीवर झोपला तर पोरांनी काय बघायचं?"

भूकंपानंतर काही वर्षांतच लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. देगलूर, मुदखेड, निलंगा, कुठकुठून पोरं यायला लागली. एका खांद्यावर ट्रंक, दुसऱ्या हातात स्टोव्ह, मागे बाप. आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी गादी लागायची. युनूसनं काळीपिवळी विकली आणि दुकानात बसला. कापूस पिंजायचं मशीन रात्रंदिवस चालायचं. आमच्या शर्यती तोवर संपल्या होत्या. मुदखेडच्या माळाचे प्लॉट पडले, डॉक्टरला साखरेचा त्रास सुरू झाला आणि मला पोट. समोरचं भुसार दुकान गेलं आणि तिथं शिकवणीची पाटी लागली, वर्गात पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंसकट. वस्ताद म्हणाले, "बघ, फोटोत तरी सगळ्यांच्या माना सरळ हायत."

पुढे बऱ्याच वर्षांनी एक दिवस मी वस्तादांच्या दुकानात बसलो होतो. देगलूरकडचे एक गृहस्थ मुलासाठी गादी घ्यायला आले होते. उशी मागितली, तर वस्ताद म्हणाले, पोराला उशी न्हाई. युनूसनं कपाळाला हात लावला. ते गृहस्थ मुलाला सांगत होते, "हे बघ, आता दोन वर्षं इकडंतिकडं बघायचं न्हाई. मान मोडून अभ्यास करायचा."

वस्ताद ताडकन उठले. "मान मोडून? का हो, पोराची मान मोडाया आनलंय का लातूरला?"

"अहो, म्हनायची रीत हाय ती."

"मग रीत बदला! मोडलेली मान बघितली न्हाई तुमी. मी धरलीय हातात." त्यांचा आवाज इतका चढला, की गल्लीतली माणसं थांबली. मग एकदम खाली येऊन म्हणाले, "सकाळी पाठवा त्याला. पैसा नको. फकस्त मान देतो."

आश्चर्य म्हणजे त्या गृहस्थांनी पाठवला. त्याच्यामागून आणखी काही आले. पहाटेच्या शिकवणीआधी ती पोरं तालमीत उभी राहायची, वस्ताद पंचा ओढायचे आणि पोरं पाटी वाचायची, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. वस्ताद पुन्हा तरुण झाले होते. फक्त सुईचं त्यांना खटकलं. मला म्हणाले, "बसूअप्पा, तुमचे हात बैठका मारल्यावर हालायचे. ह्यांचे जोर मारायच्या आदीच थरथरून राहिलेत. ही आत्ताच इतकी दमलीत, मी कुठून सुरू करू?"

माझाही मुलगा त्याच वर्षी अकरावीत गेला होता.

मग शिकवण्या आणखी पहाटे सुरू झाल्या. रोजच्या परीक्षा आल्या. एकेक पोरगं गळालं. कुणी तोंड चुकवलं, कुणी सांगून गेलं, वस्ताद, वेळच न्हाई. पावसाळ्यात एका सकाळी मी दुकान उघडायला निघालो, वाटेत डोकावलो, तर तालमीत वस्ताद एकटेच होते. पंचाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं कपाळाला. कललेली मान सरळ करायचा प्रयत्न चालला होता आणि पाटी वाचणं चालू होतं. मी आत गेलो नाही.

त्याच आठवड्यात युनूस मला म्हणाला, गाद्या ठेवायला जागा न्हाई, पावसात भिजून राहिल्यात, पन अब्बांना कसं म्हनू? तो भांडणारा मुलगा नव्हता. किल्लारीला त्यानंही खेपा घातल्या होत्या. विचारायची वेळ त्याच्यावर आली नाही. वस्तादच म्हणाले, "युनूस, माती उचल. गाद्या भर. पन माती गटारात टाकू नको." ती माती मी माझ्या जीपमधून नेली आणि शेतातल्या लिंबाखाली पसरली. हळदीचा वास जीपमध्ये कितीतरी दिवस राहिला.

त्यानंतर वस्ताद फार दिवस चालतेफिरते राहिले नाहीत. आजार असा सांगण्यासारखा नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय. त्यांनी खाट तालमीच्या शेडमध्येच टाकून घेतली, गाद्यांच्या थप्प्यांमध्ये. एका दुपारी गेलो तर डोळे मिटून पडले होते, बिनउशीचे. मान बाजूला लोंबल्यासारखी. मी स्टूल ओढून बसलो.

डोळे न उघडताच म्हणाले, "कोन, बसूअप्पा? तालमीत कुनी आलं व्हतं का?"

मला खोटं बोलवेना. "न्हाई वस्ताद. कुनी न्हाई."

पत्रा तापून वाजत होता. मग वस्ताद म्हणाले, "उशी दे."

युनूस दुकानातून धावत आला. त्याच्या हातात पातळ उशी होती. वस्तादांनी एक डोळा उघडून बघितली. "जाड आन. आता काय शर्यत हाय?"

मी त्यांच्या मानेखाली हात घातला. एवढ्या वर्षांत त्यांनी साऱ्या गावाच्या माना जोखल्या, त्यांची मान मात्र माझ्या हातात पहिल्यांदाच आली. लहान मुलाएवढी हलकी लागली. युनूसनं खाली उशी सरकवली आणि मी हात काढून घेतला, हळू, त्या दिवशी गाडी चालवली होती तितक्याच हळू. वस्तादांच्या कपाळावरची आठी गेली.

"दमलो, बसूअप्पा," ते म्हणाले.

हा शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरलेला मी कधीच ऐकला नव्हता. युनूस तोंड फिरवून गाद्या रचायला लागला.

"दमानं झोपा, वस्ताद," मी म्हणालो.

ते झोपले. सकाळी युनूसचा निरोप आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. ते तसंच अर्ध्यावर सोडलं आणि गेलो.