चिंचेचा मालक

भूकंपानंतर आमचं गाव माळावर गेलं. जुन्या गावठाणात दगडांचे ढीग राहिले आणि चिंचा राहिल्या. त्यातली एक माझ्या चुलत्यांची.

आमच्याकडे जागा एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं, असं सर्रास असे. काकांची चिंच शेजाऱ्याच्या परड्यात उभी होती. त्यावरून दोन घरांत भांडणं झाली, पण झाड कुणाचं याबद्दल कधी झाली नाहीत.

माल उदगीरचे एक बागवान घेत. चिंचा हिरव्या असतानाच ते येत, बुंध्याला एक फेरी मारत आणि सौदा बोलून जात. झोडपणीच्या दिवशी काका झाडाखालून हलत नसत.

"ए बागवान, काठी हळू मार म्हणावं तुझ्या माणसाला. डहाळी मोडली तर पुढल्या साली माझ्या दारात यायचं न्हाई."

"झाड झोडपायलोय पाटील, तुम्हाला न्हाई. तुम्ही का वरडायलाव?"

काकांना झाडाझुडपांचं प्रेम वगैरे नव्हतं. आपला पुढच्या वर्षीचा माल मोडू नये, एवढाच त्यांचा हिशेब. बागवानांचाही तोच. या दोन स्वार्थांमध्ये ती चिंच पिढ्यान्‌पिढ्या नीट वाढली.

नव्या घराची चावी घेताना सगळ्यांनी जुन्या जागेवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. झाडांबद्दल कुणी विचारलं नाही. जागा गेली म्हणून झाड कसं जाईल? गावाचा हा समज पक्का होता आणि तो कायद्याला माहीत नव्हता. काही दिवसांनी गावठाणाच्या तोंडाशी 'शासकीय जागा' अशी पाटी लागली.

त्या हंगामात बागवान नेहमीप्रमाणे आले आणि सौदा न करता परत गेले. पैसे कुणाच्या हातात द्यायचे, हे त्यांना कुणी सांगू शकलं नाही. चिंचा झोडपल्या गेल्याच. ज्याला जमलं त्यानं झोडपल्या. शेंगा काढायच्या म्हणून फांद्याच खाली ओढल्या. पुढच्या साली पुन्हा या झाडाशी गाठ पडेल असं झोडपणाऱ्यांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

काका तालुक्याला गेले. मी सोबत होतो. गावठाणाचं काम पाहणारा अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता.

"झाड मला भाड्यानं द्या, न्हाईतर इकत द्या," काका म्हणाले.

"तसं करता येत नाही, काका. ती आता सगळ्यांची मालमत्ता आहे."

"सगळ्यायची हाय तर राखायलंय कोण?"

"शासन."

"मी रोज जायलोय तिथं. मला तर न्हाई दिसलं."

अधिकारी हसला. काका हसले नाहीत.

त्याच वर्षांत लातुरात शिकवणी वर्गांचं पीक आलं. वर्गांपाठोपाठ वसतिगृहं, वसतिगृहांना विटा, विटांना भट्ट्या, भट्ट्यांना लाकूड. मी तेव्हा लातूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. गावठाणातली झाडं जातायत अशी बातमी मी लिहिली. संपादकांनी ती आतल्या पानावर दोन परिच्छेदांत घेतली; बाकी पानावर गुणवंतांचे फोटो होते. त्याच आठवड्यात वृक्षदिनाच्या एका भाषणाचं वृत्त माझ्याकडे संपादनाला आलं. माणसाची मालकीची हाव सृष्टीच्या मुळावर आली आहे, असं वक्ते म्हणाले होते. मी शुद्धलेखन तपासून ते छापायला दिलं. संताप तेव्हा आला होता, तो अजून उतरलेला नाही. गावठाणात जी झाडं पडत होती, त्यांतल्या एकालाही मालक नव्हता. मालक होता तोवर ती उभी होती.

भट्टीवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याला लाकूड विकणारे ते लाकूड फुकट आणत होते, म्हणून तर ते त्याला एवढं स्वस्त पडत होतं. रीत ठरलेली होती. बुडाशी पाचोळा रचून पेटवायचा. झाड वाळतं. वाळक्या झाडाबद्दल कुणी विचारत नाही.

मी सुट्टीला गावी आलो होतो, तेव्हा एका सकाळी काकांच्या चिंचेचं बूड काळं दिसलं. एका अंगाची साल तडकली होती. काका वाकून बराच वेळ बघत राहिले. मग घरी गेले आणि दोन माणसं, करवत आणि बैलगाडी घेऊन आले. मी आडवा गेलो.

"आरं बाबा, आज मी न्हाई तोडलं तर परवा दुसरा तोडतोय," ते म्हणाले. "भट्टीत जायापरीस माझ्या गोठ्याला तरी लागू दे."

ज्यानं आयुष्यभर डहाळी मोडू दिली नाही, त्यानं भर उजेडात, रस्त्यावरून दिसेल असं ते झाड आडवं केलं. बाकीच्यांनी लपून तोडली, ते कुणाला सापडले नाहीत. काकांची गाडी गावठाणाबाहेर पडायच्या आत सरकारी माणसांनी अडवली.

कार्यालयात तोच अधिकारी होता. त्याला काकांना सोडायचं होतं. "झाड शासनाचं आहे हे माहीत नव्हतं, एवढं लिहून द्या. समज देऊन मिटवतो."

"माहीत हाय की. तुमीच सांगितलं व्हतं."

"मग चोरी म्हणून नोंद करावी लागेल, काका."

"चोरी कशी? माझं झाड मी तोडलंय. तसंच लिवा."

"ते लिहिता येत नाही."

"मग काय लिवायचं ते तुमी लिवा. माझ्या तोंडून ते दुसऱ्याचं हाय म्हणून निघायचं न्हाई."

मी मध्ये पडलो. सही करा म्हणालो. जबाबाच्या कागदावर अधिकाऱ्यानं 'शासकीय मालकीचे झाड' असं लिहिलं आणि खाली सहीसाठी जागा सोडली. काकांनी पेन टेबलावर ठेवलं आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले. संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत ते तिथेच होते. ती जागा कोरीच राहिली.