गेरू लावलेला कडुनिंब
कुणाच्या अंगणातल्या ओल्या गेरूचा वास आला की मला नाशिकचा तो कडुनिंब दिसतो. शाळा अर्धवट सोडून मी सुरगाण्याहून आलो होतो आणि रस्ता रुंद करण्याआधी झाडांवर खुणा करायच्या कामाला लागलो होतो. तोडायच्या झाडाला लाल पट्टा, ठेवायच्या झाडाला पांढरा. त्या कडुनिंबाखाली फुलं विकणारी मावशी मला रोज भाकरी द्यायची, परक्या गावात तेवढाच आधार. झाड वाचावं म्हणून साहेबांनी नकाशात रस्ताच वळवला, तेव्हा पांढरा पट्टा मारता मारता मी म्हणालो, "मावशी, राहिलं बघ तुझं झाड." "मंग असं उघडंबोडकं नाय ठेवायचं त्याला," ती हसली, आणि संध्याकाळी देवाच्या झाडाला लावतात तसा तिनं पट्ट्यासकट सगळ्या बुंध्याला गेरू फासला. सकाळी ती यायच्या आत तोडणारे आले, त्यांनी लाल पाहिलं आणि करवत लावली. मी पोचलो तेव्हा ती उन्हात टोपलीपाशी बसली होती. "लाल तर मीच केलं रे," एवढंच म्हणाली आणि माझी भाकरी पुढे केली. रस्ता मात्र नकाशाप्रमाणेच झाला. आता मी लांब राहतो. गावी जाताना तिथे गाडी रिकाम्या जागेला वळसा घालते आणि भर दुपारी अंगावरून सावली सरकल्यासारखी वाटते.